४.० गेलं, त्या डिसेंबरची गोष्ट

नुकताच एक लेख वाचला. त्यातल्या मुलाला ऑर्गॅनिक केमिस्ट्रीत बी प्लस मिळालं आणि चारपैकी चारचा जीपीए (सगळ्या ग्रेडची सरासरी) मोडला, हे वाचून आमच्या घरातला डिसेंबर आठवला. आम्ही न्यू जर्सीत. लेक प्री-मेडच्या, म्हणजे मेडिकल स्कूलआधीच्या कॉलेजच्या, दुसऱ्या वर्षाला, विषय तोच, ग्रेडही तीच. पोरगी दोन दिवस खोलीबाहेर आली नाही. मी तिसऱ्या दिवशी साबुदाण्याची खिचडी घेऊन गेले आणि आयुष्यातलं सर्वात मूर्ख वाक्य बोलले, "अगं, रिपीट कर ना तो कोर्स!"

तिनेच मग समजावलं. मेडिकल स्कूलचा अर्ज ज्या एएमकॅस नावाच्या सामायिक अर्जसेवेतून जातो, तिथे पुन्हा दिलेल्या कोर्सच्या दोन्ही ग्रेड धरतात. जुनी पुसली जात नाही. शिवाय बी प्लस म्हणजे चांगलीच ग्रेड, ती रिपीट करणं उलट विचित्र दिसतं.

नवऱ्याने कॅल्क्युलेटर काढला. आधीची ६० क्रेडिट्स (प्रत्येक कोर्सचं वजन क्रेडिट्समध्ये मोजतात), सगळी ४.०. त्यात या कोर्सची ४ क्रेडिट्स ३.३ची, म्हणजे बी प्लसची. उत्तर आलं ३.९६. एवढ्यासाठी दोन दिवस उपाशी! मेडिकल स्कूलला प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीएही ३.८च्या आतबाहेर असतो. पण तिला हे आकडे पाठच होते. रडू 'परफेक्ट' गेल्याचं होतं. (बारावीला माझे गणितात ९८ आले तेव्हा आमचे दादा म्हणाले होते, "दोन कुठे गेले?" हा वारसा कुठून आला ते मला चांगलंच ठाऊक आहे.)

पुढच्या सेमिस्टरला तिने पहिल्यांदाच प्रोफेसरांच्या ऑफिस अवर्सना, म्हणजे शंका विचारायला ठेवलेल्या वेळेला, जायला सुरुवात केली. तोवर लाजच वाटायची म्हणे.