ब्रिटनच्या निवडणुकीचं भाकीत छातीठोकपणे कसं करावं

ब्रिटनची पुढची सार्वत्रिक निवडणूक फार तर ऑगस्ट २०२९ पर्यंत लांबू शकते. म्हणजे सरावाला वेळ आहे. हुजूर पक्ष संपला की नाही, मजूर पक्ष टिकेल की नाही, रिफॉर्म या नव्या उजव्या पक्षाची लाट आहे की हवा, यावर तुमचं ठाम मत आतापासून तयार हवं. माहिती मागाहून गोळा करता येते, आणि नाही केली तरी अडत नाही.

सुरुवात नमुन्यापासून करा. कोपऱ्यावरचा न्हावी, विमानतळावरून घरी आणणारा टॅक्सीवाला, ऑफिसातले दोघे आणि मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप एवढं पुरे. शितावरून भाताची परीक्षा होते, असं आपले पूर्वज सांगून गेलेच आहेत. पातेलं आधी ढवळावं लागतं, हे सांगायचं त्यांच्याकडून राहून गेलं; तुम्हीही सांगू नका. ब्रिटनच्या चाचणी कंपन्यांनी २०१५ साली हेच केलं. मतदानाच्या आदल्या दिवशी हुजूर आणि मजूर दोन्ही पक्ष ३४ टक्क्यांच्या आसपास बरोबरीत दाखवले. निकालात हुजूर पक्ष साडेसहा टक्क्यांनी पुढे गेला. नंतर चौकशी समिती बसली. तिचं म्हणणं थोडक्यात असं की, प्रश्नांना उत्तरं द्यायला जे लोक सहज सापडले, त्यांत मजूर पक्षवाले जास्त होते आणि वयस्कर हुजूरवाले कमी. सहज सापडणारी माणसं ही अशी दगा देतात. तुमच्या ग्रुपवर मात्र सगळे सहजच सापडलेले आहेत, त्यामुळे काळजी नको.

चाचण्या वाचायच्या असतील तर एकच वाचा: तुमच्या मनासारखी. हजार माणसांच्या चाचणीत प्रत्येक पक्षाचा आकडा तीनेक टक्के इकडे-तिकडे होऊ शकतो, आणि दोन पक्षांमधलं अंतर त्याहूनही जास्त. म्हणून ‘आघाडी एका टक्क्याने घटली’ ही बातमी दिसली की लगेच पुढे पाठवा. त्या एका टक्क्याला अर्थ आहे असं वाटणारी माणसं अजून पुष्कळ आहेत. ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्यांचं काय केलं, मागच्या वेळी कुणाला मत दिलं हे लोकांना नीट आठवतं का, कोण खरोखर मतदानाला जाणार हे कंपनीने कसं ठरवलं, असली चौकशी करू नका. विशेषतः शेवटची. २०१५ ला पोळलेल्या काही कंपन्यांनी २०१७ साठी दुरुस्ती केली: तरुण फारसे मतदानाला जात नाहीत असं गृहीत धरून त्यांचं वजन उतरवलं. त्या वर्षी हुजूर पक्षाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी वीसेक टक्क्यांच्या आघाडीवर निवडणूक लावली होती आणि बहुमत गमावून बसल्या. आठवडाभर आधी यूगव्ह या चाचणी कंपनीने मतदारसंघवार गणित करून हुजूर पक्षाला ३१० जागा दिल्या होत्या, तेव्हा तिची यथेच्छ टिंगल झाली. प्रत्यक्षात ३१७ आल्या. यातून घ्यायचा धडा असा की, मागच्या चुकीवरचा इलाज हीच बहुधा पुढची चूक असते.

चूक करायचीच असेल तर कोणत्या दिशेने करावी, यालाही शास्त्र आहे. १९९२ साली चाचण्यांनी मजूर पक्ष किंचित पुढे दाखवला आणि हुजूर पक्षाचे जॉन मेजर साडेसात टक्क्यांनी जिंकले. त्या धक्क्यातून ‘लाजरा हुजूर मतदार’ जन्माला आला आणि तीस वर्षं त्याच्यावर लेख निघाले. २०२४ मध्ये शेवटच्या चाचण्यांची सरासरी मजूर पक्षाला सतरा-अठरा टक्के पुढे दाखवत होती. निकालात अंतर दहाच निघालं. चूक जवळजवळ १९९२ एवढीच मोठी. पण जिंकणारा बरोबर सांगितला होता, म्हणून कुणी हूं की चूं केलं नाही. तेव्हा चुकायचंच तर विजेत्याच्या बाजूने चुका. लाजरा मतदारही हाताशी ठेवा. तो कुठल्याही पक्षाला चिकटवता येतो आणि तो आहे की नाही हे कुणालाच तपासता येत नाही.

आता टक्क्यांवरून जागा. इथे तीस टक्के म्हणजे जागाही तीस टक्के, असा साधा त्रैराशिक हिशोब मांडा. वास्तविक ६५० मतदारसंघांत ६५० वेगळ्या लढती होतात आणि सगळ्यांत पुढे असणारा एकटाच सगळं घेऊन जातो. १९५१ साली मजूर पक्षाला मतं जास्त आणि सत्ता हुजूर पक्षाला. फेब्रुवारी १९७४ ला उलटं. २०१५ मध्ये युरोपीय संघ सोडा म्हणणाऱ्या यूकिप पक्षाला ३९ लाख मतं आणि जागा एक. २०२४ मध्ये रिफॉर्मला ४१ लाख मतांत पाच जागा आणि लिबरल डेमोक्रॅट्सना ३५ लाखांत ७२, कारण त्यांनी मतं मोजक्या ठिकाणी रचून ठेवली होती. मजूर पक्षाने ३३.७ टक्क्यांत ४११ जागा नेल्या. हे सगळं लोकांना सांगत बसलात तर भाकिताची मजा जाते.

त्याऐवजी ‘सरसकट कल’ वापरा: देशभर अमुक टक्के घसरण, तर प्रत्येक मतदारसंघातून तेवढे वजा. २०२४ मध्ये हुजूर पक्ष देशात सुमारे वीस टक्क्यांनी घसरला. ज्या मतदारसंघात आधी पंधराच टक्के होते तिथे या रीतीने उणे पाच टक्के मतं पडायला हवीत. पडली नाहीत, हा मतदारांचा दोष. उरलेली घसरण मग जिथे भरपूर होतं तिथूनच निघाली. नैर्ऋत्य नॉरफोकात हुजूर पक्षाच्या माजी पंतप्रधान लिझ ट्रस यांचं २६,१९५ मतांचं मताधिक्य होतं. त्या ६३० मतांनी पडल्या. ‘सुरक्षित मतदारसंघ’ हा शब्द मात्र सोडू नका, फार भारदस्त वाटतो.

एवढं करूनही लेखात प्राण येत नसेल तर एखादं गाव घ्या आणि त्याला नमुन्याचा मतदार म्हणून एक बाई किंवा बुवा जोडा. १९९७ च्या आसपास ‘वुस्टरची बाई’ होती, २०१९ ला ‘वर्किंग्टनचा बुवा’, २०२४ ला ‘व्हिटबीची बाई’. हे लोक कुणाला भेटत नाहीत, पण दर निवडणुकीचा निकाल हेच ठरवतात. गावाच्या नावात अनुप्रास साधला तर उत्तम. मतदार साधला नाही तरी चालेल.

सट्टेबाजारातले भाव सांगितले की आणखी वजन येतं. पैसा खोटं बोलत नाही म्हणतात. २०१६ च्या ब्रेक्झिट सार्वमताच्या दिवशी तो ‘युरोपीय संघात राहा’ या बाजूला होता, ते सोडा. पैज जिंकण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे निर्णय घेणाऱ्याच्या शेजारी बसणं, पण त्यात जुगार आयोग मागे लागतो. २०२४ मध्ये निवडणूक जुलैत होणार यावर आधीच पैसे लावणाऱ्या काही राजकीय मंडळींना याचा अनुभव आला.

पैजेच्या वस्तूची निवड जपून करा. २०१५ च्या रात्री एक्झिट पोल ऐकून लिबरल डेमोक्रॅट्सचे माजी नेते पॅडी ॲशडाउन यांनी तो खरा ठरला तर आपली टोपी खाईन, असं टीव्हीवर सांगितलं. त्यांच्या पक्षाचे हाल पोलपेक्षाही वाईट निघाले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यापुढे टोपीच्या आकाराचा केक आला. २०१७ ला मजूर पक्ष ३८ टक्क्यांपर्यंत पोचणार नाही म्हणणाऱ्या एका प्राध्यापकाने स्वतःच्या पुस्तकाची पानं कॅमेऱ्यासमोर चावली. टोपीला पर्याय म्हणून केक मिळतो, पुस्तकाला मिळत नाही.

एक्झिट पोलवर बोलताना ‘हाही फसतो’ असं सुचवून ठेवा. तो दर वेळी शक्यतो त्याच सुमारे १३० केंद्रांवर घेतात. वीसेक हजार मतदार खऱ्यासारखीच चिठ्ठी भरून पेटीत टाकतात आणि मागच्या वेळेपेक्षा कल किती हलला एवढंच मोजलं जातं. २०२४ मध्ये त्याने मजूर पक्षाला ४१० जागा दिल्या होत्या. एका जागेने चुकला, हे ठळकपणे सांगा. रात्री दहाला मतदान संपण्याआधी तो जाहीर करणं गुन्हा आहे, म्हणून तुमची वेळ दहाच्या आत. दहानंतर एक्झिट पोलवाले प्राध्यापक जॉन कर्टिस यांच्यापुढे कुणी तुमचं ऐकत नाही.

स्थानिक तपशिलात शिरण्याचा मोह आवरा. २०२४ मध्ये देशभर हुजूर पक्षाची धूळधाण होत असताना लेस्टर ईस्टमध्ये त्याने मजूर पक्षाची जागा काढून घेतली, कारण दोन माजी मजूर खासदार मजूर पक्षाविरुद्ध उभे राहिले आणि मतं फुटली. हॅरो ईस्टमध्ये त्याच पक्षाने निम्म्याहून अधिक मतं घेऊन जागा राखली. दोन्हीकडे आपली माणसं राहतात, म्हणजे विचारलं असतं तर कळलं असतं. पण ग्रुपवर तेव्हा हुजूर पक्षाला शंभर जागा तरी मिळतील का यावर चर्चा ऐन रंगात होती.

शेवटचं कलम ग्रुपवर फिरवू नका. ब्रिटनमध्ये रीतसर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला, राष्ट्रकुलाचा म्हणून, या निवडणुकीत मत देता येतं. ब्रिटिश पासपोर्टची वाट पाहावी लागत नाही. केंद्रावर फोटोचं ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो. नोंदणी ऑनलाइन होते, नॅशनल इन्शुरन्स नंबर हाताशी असला की पाचेक मिनिटांत. हेंडनमध्ये २०२४ चा निकाल १५ मतांनी लागला. एवढी मंडळी तर आपल्याकडे एका वेळी ‘टाइप करत आहेत’ दिसतात. नोंदणीची मुदत मतदानाच्या बारा कामकाजी दिवस आधी मध्यरात्री संपते. त्या रात्री जागा मोजायला बसा, म्हणजे ती कधी निघून गेली तेही कळणार नाही.