इन्स्पायर स्कॉलरशिप पाच वर्षांच्या कोर्सलाही आहे
ग्रुपवर फिरतंय की इन्स्पायर (केंद्र सरकारची सायन्सच्या पोरांसाठीची स्कॉलरशिप) फक्त तीन वर्षांच्या बीएस्सीला मिळते, आयसर या केंद्राच्या विज्ञान संस्थांमधल्या पाच वर्षांच्या बीएस-एमएसला नाही. चूक आहे हे! इंटिग्रेटेड एमएस्सी अन् बीएस-एमएसच्या पोरांनाही मिळते, जास्तीत जास्त पाच वर्षं. वर्षाला ८०,०००, पण सगळे हातात येत नाहीत, ६०,००० खात्यात येतात अन् २०,००० उन्हाळ्यातल्या रिसर्च प्रोजेक्टसाठी असतात, अन् हेच कुणी नीट सांगत नाही. बारावीला बोर्डात टॉप १ टक्क्यात असाल अन् पुढे बेसिक सायन्स (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी असे विषय) घेतलं असेल तर अर्ज कराच. इंजिनिअरिंग, मेडिकलला मात्र खरंच नाही. दरवर्षी मार्कशीट लागते, जपून ठेवा. प्लीज, तो मेसेज पुढे ढकलू नका, एखाद्या गरजू पोराचा अर्जच राहून जाईल.