म्हैसाळकरांचा निरोप समारंभ

आमच्या कार्यालयात कुणी निवृत्त झालं की निरोपाचं भाषण माझ्या गळ्यात पडतं. माझं वक्तृत्व फार मोठं आहे अशातला भाग नाही. बाकीच्यांना त्या माणसाबद्दल खरोखर काय वाटतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळे त्यांना माइक देणं धोक्याचं. मी मनमिळाऊ, शिस्तप्रिय, अजातशत्रू ही तीन विशेषणं घेतो, मध्ये एक निरुपद्रवी किस्सा घालतो, शेवटी 'पुढील आयुष्य निरामय जावो' म्हणतो आणि मंडळी भडंगाच्या बशीकडे वळतात. इतका सराव असूनही एका निरोपानं मला घाम फोडला. तो डॅरेल म्हैसाळकर याचा. यात मोठी अडचण अशी की डॅरेल म्हैसाळकर नावाचा माणूस नाही.

म्हणजे तो आहे, पण संगणकात. अमेरिकन फुटबॉलची एक लुटुपुटूची लीग इंटरनेटवर चालते. त्यात प्रत्येकानं एक खेळाडू जन्माला घालायचा. नाव आपण ठेवायचं, उंची-वजन आपण ठरवायचं, मैदानावरची जागा आपण निवडायची. मग दर आठवड्याला त्याच्यासाठी गुण कमवायचे आणि ते त्याच्या ताकदीत, चपळाईत, अकलेत भरायचे. सामना मात्र संगणक खेळवतो. आपण बसून बघायचं. मैदानावर ठिपके पळतात, खाली इंग्रजीत ओळी उमटतात आणि आपलं पोरगं हरलं की जिंकलं ते कळतं. खेळाडूंचं वय वाढतं, गुडघे जातात, ते निवृत्त होतात. पेन्शन नाही.

फुटबॉल म्हटल्यावर सांगलीतला माणूस आपोआप कोल्हापूरच्या दिशेनं बघतो. तिथल्या पेठांचे संघ, शाहू स्टेडियमवरची गर्दी, सामन्यानंतरच्या मारामाऱ्या. हा खेळ तो नव्हे. यात बॉल लांबुळका, त्याला पाय क्वचित लागतो आणि मारामारी सामना संपायची वाट बघत नाही. अकरा जण एका बाजूला. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न, नाही जमलं तर बॉल समोरच्याला. असं सरकत बॉल मैदानाच्या टोकापलीकडे नेला की टचडाउन, म्हणजे या खेळातला गोल.

मी डॅरेलला लेफ्ट टॅकल केलं. हा पुढच्या फळीतल्या पाच धिप्पाड माणसांपैकी एक. संघाचा डाव चालवणारा क्वार्टरबॅक बॉल फेकायच्या तयारीत असताना त्याच्या अंगावर धावून येणाऱ्यांना थोपवायचं, एवढंच याचं आयुष्य. बॉलला हात लावायचा नाही. पंचांना आधी सांगितल्याशिवाय पुढे फेकलेला पास झेललाच, तर तोही गुन्हा. लग्नात भटारखाना सांभाळणारा चुलतभाऊ असतो ना, तसं काम: अल्बममध्ये एक फोटो नाही, पण आमटी संपली की सगळ्या मांडवाला त्याचं नाव पाठ. अमेरिकन सहकाऱ्यांच्या जिभेला 'म्हैसाळकर' झेपेना, म्हणून ते त्याला लाडानं 'म्हैस' म्हणू लागले. मी हरकत घेतली नाही.

ही जागा मी का निवडली असं बायको विचारते. "एवढं सगळं स्वतः ठरवायचं होतं, तर हिरो करायचा." तिला मी जो थॉमसची गोष्ट सांगितली. क्लीव्हलँड ब्राउन्सचा लेफ्ट टॅकल, 2007 साली आला, सलग 10,363 डाव एकदाही बाहेर न बसता खेळला आणि अख्ख्या कारकिर्दीत प्लेऑफचा, म्हणजे बाद फेरीचा, एक सामना त्याच्या नशिबी आला नाही. शेवटच्या वर्षी तर संघ सोळाच्या सोळा सामने हरला. तरी 2023 मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. बायको म्हणाली, "म्हणजे खूप वर्षं काम केलं, काही मिळालं नाही आणि शेवटी सत्कार झाला. हे बघायला अमेरिकेला कशाला जायला हवं?"

आमच्या घरी या खेळाचे खरे दर्दी शेजारचे तात्या. तात्या कवठेपिरानचे, म्हणजे हिंदकेसरी मारुती मान्यांच्या गावचे, आणि तरुणपणी तालमीत घाम गाळलेले. रोज सकाळी आमच्याकडे पेपर वाचायला येतात आणि पेपर सोडून बाकी सगळं वाचतात. एकदा माझ्या खांद्यावरून त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं. क्वार्टरबॅक, पास झेलणारा रिसीव्हर, कुणीही त्यांना पटलं नाही. "ही समदी पळपुटी. बॉल घेतला की पळ, बॉल घेतला की पळ." मग त्यांचं लक्ष पुढच्या फळीतल्या ठिपक्यांकडे गेलं. "ही पोरं कोण?" मी सांगितलं. तात्यांनी खुर्ची ओढली. "ह्यो तेवढा पैलवान."

तेव्हापासून डॅरेल तात्यांचाही. अडचण एकच. या खेळात समोरच्याला अंगानं रेटायचं, पण त्याला पकडून ओढायचं नाही. पकडलं की होल्डिंग, दहा यार्डांचा दंड. हे तात्यांना शेवटपर्यंत समजावता आलं नाही. "धरायचं न्हाई? मग कुस्ती कशाची? पट काढायचा न्हाई, कंबर धरायची न्हाई, आन् दोघं सव्वा-सव्वाशे किलोचे गडी. नुसतं भेटायला आलेत व्हय?"

आता ती बाद फेरी. अमेरिकेतल्या खऱ्या लीगमध्ये 32 संघ, 17 सामन्यांचा हंगाम, त्यातून 14 संघ पुढे आणि मग एक हरला की घरी. आमची लीग लहान, पण घरी जाण्याची पद्धत तीच. आमचा संघ वर्षानुवर्षं दुसऱ्या फेरीत घरी जायचा. एका हंगामात मात्र चक्क अंतिम सामन्यात पोहोचला.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा सांगलीत सकाळचे साडेसहा झालेले असतात. साडेसहाला आमच्या गल्लीत नळाला पाणी येतं. कृष्णा वाहते आमच्याच उशाला, 2005 आणि 2019 साली तर न बोलावता घरात येऊन गेली. पण नळातून यायचं म्हटलं की तिला वेळ पाळावी लागते आणि आम्हालाही. मोटर लावायला कुणीतरी खाली, टाकी बघायला कुणीतरी वर, हा आमच्या घरचा नित्यक्रम. अंतिम सामन्याच्या चौथ्या सत्रात, आम्ही चार गुणांनी मागे आणि बॉल आमच्याकडे, अशा वेळी बायकोनं स्वयंपाकघरातून हाक दिली, "अहो, पाणी आलं!"

मी म्हटलं, दोन मिनिटं. ती म्हणाली, पाणी थांबत नाही. मुद्दा बिनतोड होता. मी तिला म्हटलं, तू इथे बस, काय होतंय ते ओरडून सांग, आणि गच्चीवर पळालो. टाकीत पाण्याचा आवाज सुरू झाला, तेवढ्यात खालून बायकोचा खणखणीत आवाज आला, "अहो! तुमच्या म्हैसाळकरांचं नाव आलंय!"

लेफ्ट टॅकलचं नाव स्क्रीनवर येत नाही. इतक्या हंगामांत एकदाही आलं नव्हतं. मी दोन-दोन पायऱ्या गाळत खाली आलो. बायकोचा चेहरा आनंदानं फुललेला. शेजारच्या मुलाचं नाव गुणवत्ता यादीत सापडावं तशी ती त्या ओळीवर बोट ठेवून बसलेली. ओळीत लिहिलं होतं: टचडाउन रद्द. होल्डिंग, डॅरेल म्हैसाळकर. दहा यार्ड मागे.

त्यानंतर पुढच्या प्रयत्नात बॉल गेला, सामना गेला, चषक गेला. वर टाकी भरून वाहत होती ते गल्लीनं सांगितलं. तात्या एकटेच खूश होते. "धरला ना शेवटी! असा गडी पायजे."

आणि आता निवृत्ती. या लीगमध्ये काही हंगाम झाले की संगणक दरवर्षी खेळाडूची ताकद कापू लागतो. मी आठवडाभर लेख लिहून, निकालांचे अंदाज बांधून चार गुण भरावेत, त्यानं हंगामाच्या शेवटी दहा काढून घ्यावेत. "त्याच्या गुडघ्यांची एवढी काळजी," बायको म्हणाली, "आणि स्वतःच्या गुडघ्याच्या एक्स-रेची चिठ्ठी दिवाळीपासून फ्रिजवर." शेवटी मी डॅरेलची निवृत्ती जाहीर केली. मला वाटलं, सुटलो. तर संघाच्या मॅनेजरनं प्रश्नावली पाठवली. निवृत्त होणाऱ्या प्रत्येकानं खेळाडूच्या तोंडून उत्तरं द्यायची असा रिवाज. कारकिर्दीतला सर्वोच्च क्षण कोणता? प्लेऑफनं तुम्हाला काय शिकवलं? चषकाविना निवृत्त होताना मनात काय आहे?

नमुना म्हणून मी त्या हंगामातल्या बाकीच्या निवृत्तांची उत्तरं वाचली. तीन चषक जिंकलेल्या क्वार्टरबॅकनं लिहिलं होतं की चषक महत्त्वाचे नसतात, सोबतची माणसं महत्त्वाची. प्लेऑफ न पाहिलेल्या एका रिसीव्हरनं लिहिलं होतं की सोबतची सगळी माणसं घ्या आणि एक चषक द्या. एका बचावपटूनं सगळ्या पराभवांचं खापर संगणकावर फोडलं होतं. हे मला सर्वांत प्रामाणिक वाटलं. बॉल घेऊन धावणारा एक रनिंगबॅक तर शुक्रवारी रात्री डोळ्यांत पाणी आणून निवृत्त झाला आणि शनिवारी नवं नाव, नवी उंची घेऊन किकर म्हणून जन्माला आला. चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा म्हणतात तो हाच. फरक एवढा की आपल्याकडे मोक्ष मिळवायची धडपड असते. इथे चषक मिळाला तरी माणूस सोमवारी पुन्हा जन्माचा अर्ज भरतो.

खऱ्या लीगमधले निरोपही पाहून घेतले. बॅरी सँडर्स 1999 मध्ये निवृत्त झाला, बॉल घेऊन धावत कापलेल्या यार्डांच्या विक्रमापासून 1,457 यार्डांवर असताना, आणि त्यानं ते गावच्या वर्तमानपत्राला फॅक्स करून कळवलं. आमच्या कार्यालयात असं कुणी केलं तर शालीचे पैसे वाचतील. उलट टॉम ब्रेडी. सात सुपर बोल, म्हणजे तिथले अंतिम सामने, जिंकलेला माणूस 1 फेब्रुवारी 2022 ला निवृत्त झाला, 13 मार्चला परत आला आणि पुढच्या 1 फेब्रुवारीला पुन्हा निवृत्त झाला. अमेरिकेला याचं फार नवल वाटलं म्हणे. आम्ही सांगलीकर. 1843 साली 'सीता स्वयंवर' इथे झालं तेव्हापासून आम्ही नाटकं बघतोय. 'अखेरचा प्रयोग' अशी पाटी वाचून मराठी प्रेक्षक घाबरत नाही. त्यानंतर 'खास लोकाग्रहास्तव' येतोच.

पण डॅरेलला कुणाचाच आग्रह नव्हता. त्याच्या खात्यावर एक ओळ होती, आणि ती दंडाची. सर्वोच्च क्षण विचारल्यावर लिहायचं काय?

मी तात्यांचा सल्ला घेतला. त्यांनी पेपर खाली ठेवला. "लंगोट खुंटीला टांगला, एवढं लिही. पैलवान जास्त बोलत न्हाई." बायको म्हणाली, "त्या क्वार्टरबॅकला विचारा ना. इतकी वर्षं ज्याला वाचवलं, त्यानं दोन शब्द बोलायला नकोत?" मला ते पटलं. मी क्वार्टरबॅकला निरोप पाठवला. त्यानं ताबडतोब उत्तर दिलं: तू या लीगमधला अत्यंत महत्त्वाचा माणूस आहेस, फक्त तू गार्ड होतास की टॅकल?

मग मी मला येतं तेच केलं. बाह्या सरसावल्या आणि डॅरेलच्या तोंडी माझंच कार्यालयीन भाषण इंग्रजीतून घातलं. सहकाऱ्यांनी सांभाळून घेतलं. वरिष्ठांचं वेळोवेळी मार्गदर्शन लाभलं. सेवेच्या काळात माझ्याकडून कुणी दुखावलं गेलं असल्यास मोठ्या मनानं क्षमा करावी. समोरच्या तीनशे पौंडी माणसाला प्रत्येक डावात छातीवर घेणाऱ्याच्या तोंडी हे वाक्य फार शोभून दिसलं. शेवटी सवयीनं बोट घसरलं आणि लिहून गेलो की संघानं आपला शाल व श्रीफळ देऊन यथोचित सत्कार केला, त्याबद्दल ऋणी आहे.

दुसऱ्या दिवशी उघडून बघतो तर त्या हंगामातल्या एकाही निरोपाला एवढे प्रतिसाद नव्हते. टेक्सासच्या एकानं लिहिलं की 'दुखावलं गेलं असल्यास' वाचून तो रडला; त्याचा बचावपटू डॅरेलच्या हातून अनेकदा आडवा झाला होता आणि आजवर कुणी माफी मागितली नव्हती. दुसऱ्यानं विचारलं, चषकाऐवजी नारळ, ही भारतातली जुनी प्रथा आहे का? मी हो म्हटलं. आमच्या कार्यालयापुरतं ते खरंच आहे. संध्याकाळपर्यंत संघाच्या चित्रकारानं डॅरेलचं चित्र काढून लावलं: हेल्मेट, रुंद खांदे, त्यांवर लाल शाल आणि काखेत नारळ. नारळ त्यानं बॉलसारखा धरलेला काढला होता. बायकोनं ते चित्र मोठं करून पाहिलं. "चला, काहीतरी हातात आलं."

तिच्या वाढदिवसाला तिच्याबद्दल चार ओळी लिहायला मला वेळ नव्हता, याचीही आठवण तिनं त्याच दमात करून दिली.

आता नव्या खेळाडूचा अर्ज समोर उघडून बसलो आहे. मुदत रविवारची. बायकोचं म्हणणं, या खेपेला रिसीव्हर करा, निदान बॉल तरी मिळेल, आणि आडनाव सुटसुटीत ठेवा. तात्यांनी ते ऐकलं आणि पेपर न वाचताच घडी घातला.

"पळपुटं करणार असशील तर मी उद्यापासनं येत न्हाई. वजन किती घातलंस?"

"तीनशे पौंड, तात्या."

"आपल्या हिशेबानं सांग."

"एकशे छत्तीस किलो."

"आजून आठ-धा घाल. आन् धरायला शिकीव, पर पंचाला दिसंल असं नगं."