पोटातला गोळा आणि त्याचा हिशेब : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय गुरुजी,

सप्रेम नमस्कार. चिंतारोगाची लक्षणे कशी ओळखावीत, या माझ्या गेल्या महिन्यातील लेखावर आपण पाटणहून सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, तीही कोणताही आडपडदा न ठेवता आणि स्वतःच्या घरातले उदाहरण देऊन. ‘छान लेख’ एवढे दोन शब्द लिहून जाणाऱ्या दहा वाचकांपेक्षा अशी एक प्रतिक्रिया मला अधिक मोलाची वाटते. उत्तराला आठ दिवस उशीर झाला, कारण पहिल्या दिवशी जे उत्तर लिहिले होते त्यात राग बराच होता, म्हणून ते बाजूला ठेवले.

इतर वाचकांसाठी आपले आक्षेप थोडक्यात सांगतो. पूर्वी पोटात गोळा यायचा, त्यालाच आता अँक्झायटी म्हणतात, असे आपण म्हणता. लेखात दिलेली सतरा लक्षणे परीक्षेच्या आदल्या दिवशी आपल्या वर्गातील प्रत्येक मुलात सापडली असती, असा आपला दुसरा मुद्दा आहे. तिसरा मुद्दा आपल्या मातोश्रींचा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, त्यानंतर वीस वर्षे मातोश्री दाराला कडी न लावता उंबऱ्याशी झोपल्या, माडीवर पुन्हा कधी चढल्या नाहीत, पुण्यात लेकीच्या तिसऱ्या मजल्यावरील घरी एक रात्रही राहिल्या नाहीत. तरीही त्यांनी कधी कुरकुर केली नाही की डॉक्टरचे तोंड पाहिले नाही, कारण त्या पिढीचे मन खंबीर होते. आणि शेवटी, औषधे विकणाऱ्याने लोकांत आजार शोधत फिरावे हे शोभत नाही, असेही आपण सुनावले आहे.

शेवटच्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण तो लवकर संपेल. सांगलीच्या गावभागात माझे औषधांचे दुकान आहे. मी डॉक्टर नाही आणि निदान करणे हे माझे काम नाही. हे लेखात एका ओळीत म्हटले होते, ते ठळकपणे म्हणायला हवे होते. मात्र काउंटरच्या आतल्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाला जे दिसते, ते दवाखान्यात दरवेळी दिसत नाही. तासगाव भागातील एक बागायतदार दोन वर्षे माझ्याकडून पित्ताच्या गोळ्या नेत होते. ऑक्टोबर छाटणी झाली की त्यांच्या फेऱ्या वाढत. ढग दाटले की द्राक्षावर डावणी हा बुरशीचा रोग येईल, या धास्तीने रात्री तीनला उठून मोबाईलवर पावसाचा अंदाज पाहणे हे द्राक्षाच्या धंद्यात चालायचेच, असे मीही समजत होतो. पण बेदाणा विकून पैसे हातात आल्यानंतर, मे महिन्याच्या निरभ्र दुपारी ते आले, काउंटरची काच दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि ‘छातीत काहीतरी वर चढतंय, गॅसचं काहीतरी द्या’ म्हणाले. त्यांनी हात उचलले तेव्हा काचेवर दोन्ही तळव्यांच्या घामाचे पूर्ण ठसे उमटलेले होते. मी गोळी दिली नाही. त्यांच्या मुलाला फोन करून बोलावले आणि मिरजेला ताबडतोब ईसीजी काढून घ्यायला लावला. हृदय ठीक निघाले, थायरॉईड ठीक निघाले, आणि मग त्याच डॉक्टरांनी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. आता ते पित्ताच्या गोळ्या नेत नाहीत. गल्ल्याच्या हिशेबाने पाहिले तर असे लेख लिहून मी तोट्यातच आहे, गुरुजी.

सतरा लक्षणांबद्दलचा आपला आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. धडधड, घाम, कोरडा घसा, थरथर, झोपमोड, चिडचिड अशी यादी एकाखाली एक मांडली आणि कोणते लक्षण किती दिवस, कशामुळे आणि कशाच्या आड येते हे सांगितले नाही, तर कोणताही धडधाकट माणूस त्यात स्वतःला शोधून काढील. परीक्षेच्या आदल्या दिवशीचा आपला विद्यार्थी आजारी नव्हता. त्याचे शरीर आपले काम चोख करीत होते. धोका जाणवला की अ‍ॅड्रेनलिन हे संप्रेरक रक्तात उतरते, हृदयाचे ठोके आणि श्वास वाढतात, स्नायू ताणले जातात, आणि पळायला किंवा झुंजायला रक्त हवे म्हणून ते पोटाकडून स्नायूंकडे वळवले जाते. पचन मंदावते, आणि आपण म्हणता तो पोटातला गोळा तेव्हाच येतो. पेपर सुटला की तो गोळाही जातो.

आपल्या भाषेने या साऱ्याची नोंद किती बारकाईने ठेवली आहे, पाहा. पोटात गोळा येणे, घशाला कोरड पडणे, दरदरून घाम फुटणे, हातपाय गळणे, छातीत धस्स होणे. यातल्या एकाही शब्दप्रयोगात मनाचा उल्लेख नाही, सगळे शरीराचेच वर्णन आहे. ही आपल्याकडचीच गोष्ट नव्हे. अमेरिकेतील यादवी युद्धात छातीत धडधड, कळ आणि धाप यांनी बेजार झालेल्या सैनिकांवर डा कोस्टा नावाच्या डॉक्टरांनी १८७१ मध्ये लिहिले, तेव्हा त्यांनीही त्याला हृदयाचाच विकार मानून ‘चिडके हृदय’ अशा अर्थाचे नाव दिले होते. म्हणजे अँक्झायटी हा शब्द आपल्या घराघरांत नवा आहे. तो ज्याला लावतात ती अवस्था नवी नाही. आजोबांच्या काळी ती नव्हती असे म्हणण्यापेक्षा, ती पित्त, वारे, अशक्तपणा, ‘बाहेरचे’ अशा नावांनी वावरत होती असे म्हणणे अधिक खरे ठरेल.

मग गोळा कुठे संपतो आणि आजार कुठे सुरू होतो? सततच्या चिंतेच्या विकारासाठी अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात एक मोजमाप आहे. निदान सहा महिने, बहुतेक दिवशी, अनेक गोष्टींबद्दल आवरता न येणारी काळजी हवी. सोबत अस्वस्थता, लवकर थकवा, एकाग्रता न होणे, चिडचिड, स्नायूंचा ताण आणि झोपेची तक्रार या सहांपैकी किमान तीन गोष्टी हव्यात. आणि त्या साऱ्यामुळे माणसाला लक्षणीय त्रास होत असला पाहिजे किंवा त्याच्या कामाधंद्यात, घरात, लोकांतल्या वावरात बाधा येत असली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेचे वर्गीकरण सहा महिन्यांचा आकडा धरत नाही, ‘कित्येक महिने’ एवढेच म्हणते. दवाखान्यात २००६ पासून सात प्रश्नांची एक छोटी चाचणीही वापरली जाते, तिच्यात गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात आणि एकूण गुण शून्य ते एकवीस असतात. दहा किंवा अधिक आले तर डॉक्टरांनी नीट तपासावे एवढाच तिचा अर्थ, निदान झाले असा नव्हे. माझ्या यादीत या मोजमापाचा मागमूसही नव्हता. आपल्या प्रतिक्रियेनंतर मी लेखाचा तो भाग नव्याने लिहिला आहे.

त्याहून मोठी चूक आपण दाखवलेली नाही, ती मीच कबूल करतो. हीच लक्षणे दुसऱ्या कारणांनीही होतात, हे लेखात अगदी शेवटी आले होते. थायरॉईड वाढलेले असेल, रक्त कमी असेल, मधुमेह्याची साखर खाली गेली असेल, हृदयाची लय बिघडली असेल, तरी अशीच धडधड आणि थरथर होते. दम्याच्या पंपातील साल्ब्युटामॉलने हात थरथरतात, सर्दीच्या काही गोळ्यांनी ठोके वाढतात, रोजची दारू एकाएकी सोडणाऱ्याला घाम आणि कंप सुटतो, आणि दिवसाला दहा कप चहा पिणाऱ्याने झोप लागत नाही म्हणून मनाला बोल लावण्यात अर्थ नाही. छातीत दुखते आहे आणि ते डाव्या हातात किंवा जबड्यात जाते आहे अशा माणसाने तर ‘टेन्शन असेल’ म्हणून घरी बसूच नये. हा परिच्छेद आता लेखाच्या डोक्यावर आहे.

आता खंबीर मनाबद्दल. येथे मला माझ्याविषयी थोडे लिहावे लागेल. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी सत्तावन्न फुटांच्या वर गेली, तेव्हा माझ्या दुकानातील वरच्या फळ्या सोडून सर्व काही पाण्यात होते. इन्सुलिनचा फ्रीज उलटा होऊन तरंगत दारापाशी येऊन अडकलेला होता. ते नुकसान मी सोसले, कर्ज काढले, दोन महिन्यांत दुकान उभे केले. लोक म्हणाले, माणूस खंबीर आहे. मलाही तसेच वाटले. धोक्याची पातळी पंचेचाळीस फूट आहे हे सांगलीत शाळकरी पोरालाही ठाऊक असते, पण पुढच्या वर्षी जून महिन्यात, पाणी पंधरा फुटांच्याही खाली असताना, मी रात्री दोनला आणि पुन्हा चारला उठून कोयना धरणाचा विसर्ग किती क्युसेक आहे ते पाहू लागलो. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला आणि आपले जागणे शहाणपणाचे होते अशी माझी खात्रीच पटली.

त्याच वर्षी डिसेंबरात, नदी तळाला गेलेली असताना, संध्याकाळी हिशेब करता करता माझ्या ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या आल्या, भोवंड आली, छाती आवळली आणि आता आपण मरणार असे स्पष्ट वाटले. तातडीच्या विभागात नेले, ईसीजी चांगला आला, आणि तेथील तरुण डॉक्टर ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ म्हणून पुढच्या रुग्णाकडे वळले. काही नाही हे खरे नव्हते. भीतीने मी भराभर श्वास घेत होतो, त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साईड घटला होता, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसल्याने भोवंड येत होती आणि रक्तातील मोकळे कॅल्शियम कमी झाल्याने मुंग्या येत होत्या. भीतीचा असा झटका काही मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि मग ओसरतो. हे कोणी दोन वाक्यांत सांगितले असते, तर पुढचे तीन महिने मी पुढच्या झटक्याच्या भीतीत काढले नसते. (अशा वेळी तोंडाला पिशवी लावून श्वास घेण्याचा जुना उपाय कोणी सुचवला तर करू नये, दुखणे हृदयाचे किंवा दम्याचे असेल तर तो अंगाशी येतो.)

तरीही मी डॉक्टरांकडे गेलो तो या झटक्यामुळे नव्हे. जुलै २०२२ मध्ये कऱ्हाडला पुतणीचा साखरपुडा होता. दीड-दोन तासांचा रस्ता, पण कार्यक्रम रात्रीचा, मुक्काम करावा लागणार होता. मी दुकानाचे कारण सांगून गेलो नाही. रात्री पत्नीने विचारले, जून ते सप्टेंबर तुम्ही एक तरी रात्र सांगलीबाहेर झोपला आहात का? मी मोजले. तीन वर्षांत एकही नाही. कोणी मनाई केली नव्हती, भीती वाटते असेही मी कधी कोणाला म्हणालो नव्हतो, किंबहुना सांगलीबाहेर पाऊल न टाकल्यामुळे मला भीती वाटतच नव्हती. भीती किती वाटते हे विचारून हा आजार अनेकदा हाती लागत नाही, कारण ज्याने भीतीच्या वाटा एकेक करून बंद केल्या आहेत तो माणूस शांत दिसतो. तिच्यापायी माणसाने काय काय सोडले आहे, ते मोजावे लागते.

म्हणून आपल्या मातोश्रींचे उदाहरण मी दोनदा, तीनदा वाचले. त्यांना मी पाहिलेले नाही आणि जे डॉक्टरांनाही समोर पाहिल्याशिवाय सांगता येत नाही ते मी सांगणार नाही. भूकंपानंतरचे पहिले काही महिने उंबऱ्याशी झोपणे हे निव्वळ शहाणपण होते, कारण धक्के पुढेही बसत राहिले. त्यांनी संसार केला, आपल्याला शिकवले, कुरकुर केली नाही, म्हणजे त्या खंबीर होत्या यात मला तिळमात्र शंका नाही. परंतु वीस वर्षे उघडे दार, बंद झालेली माडी आणि लेकीकडे न काढलेली एक रात्र, हे आपण खंबीरपणाचा पुरावा म्हणून मांडले आहे. मला ती त्या खंबीरपणाची किंमत वाटते, आणि ती त्यांनी एकटीने मोजली. त्यांच्या काळी पाटण तालुक्यात कोणाकडे जाऊन काय सांगायचे होते, हा प्रश्न वेगळाच. आज निदान १४४१६ हा शासनाच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा क्रमांक आहे, तेथे मराठीत बोलता येते.

उपचारांविषयी लेखात लिहिलेच आहे, त्यामुळे लांबवत नाही. भीतीच्या गोष्टीला बेताबेताने सामोरे जायला शिकवणारे समुपदेशन आणि गरज पडल्यास औषध, हे दोन्ही उपयोगी पडतात; औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि दरम्यान लोक कंटाळून सोडून देतात, हे मी रोज पाहतो. शेजाऱ्याची ‘झोपेची गोळी’ मागायला येणाऱ्यांना मी परत पाठवतो. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत, २०१४ पासून त्यांची वेगळी वही ठेवून ती तीन वर्षे जपावी लागते. आणि वही नसती तरी मी दिली नसती, कारण त्यांची सवय लागते आणि त्या एकाएकी थांबवणे धोक्याचे असते.

आपल्या प्रतिक्रियेतील शेवटून दुसरे वाक्य असे आहे : ‘मला स्वतःलाही अजून पहाटे चारला जाग येते, पण ती वयाची सवय आहे.’ ती वयाची सवय असू शकेल. त्याबद्दल मी येथे, चारचौघांत, काही लिहीत नाही. दुपारी दोन ते चार दुकान बंद असते आणि मी मागच्या खोलीत एकटाच असतो. माझा क्रमांक आपल्याला वेगळ्या पत्राने पाठवला आहे.

आपला नम्र,
लेखक