मामा, ते नाव मतदारांनी हाताने लिहिलं होतं

काल घरच्या ग्रुपवर मामांनी परत तो मेसेज टाकला: "न्यू हॅम्पशायरच्या प्रायमरीत बायडेनचं नाव मतपत्रिकेवर नव्हतं, तरी 64 टक्के मतं! जगात असं कधी घडलं नाही. आणि प्रायमरीत मत दिलं की नोव्हेंबरचं मत संपतं." तासाभरात अमेरिकेच्या त्याच राज्यातल्या नॅशुआहून मावसबहिणीचा फोन. तिला गेल्याच वर्षी नागरिकत्व मिळालंय. "अरे, खरंच एकदाच मत देता येतं का?"

शेवटचं वाक्य आधी घेतो, कारण खरं विष तिथेच आहे. प्रायमरीत पक्षाचा उमेदवार ठरतो, नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष. दोन निवडणुका, दोन्हीकडे मत. ही थाप निघाली कुठून तेही ऐका. 23 जानेवारी 2024 ला मतदान होतं. त्याच्या दोन दिवस आधी हजारो मतदारांचे फोन वाजले. पलीकडून हुबेहूब बायडेनचा आवाज: मत नोव्हेंबरसाठी राखून ठेवा. तो आवाज एआयने बनवलेला होता, आणि हे घडवून आणणारा स्टीव्ह क्रेमर नावाचा राजकीय सल्लागार. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने या फोनांपायी त्याला 60 लाख डॉलर दंड ठोठावला. मामांनी तीच थाप फुकटात पुढे ढकलली! (हो, 2025 मध्ये ज्युरीने फौजदारी खटल्यातून त्याला सोडलं. म्हणून थाप खरी ठरत नाही.)

मतपत्रिकेवर नाव नव्हतं, एवढं मान्य. डेमोक्रॅटिक पक्षाने पहिल्या प्रायमरीचा मान साउथ कॅरोलायनाला दिला. न्यू हॅम्पशायरचा कायदा म्हणतो, पहिली आमचीच. त्या भांडणात बायडेननी अर्जच भरला नाही. पण मतपत्रिकेवर उमेदवारांच्या यादीखाली एक रिकामी ओळ असते. तिथे पेनाने नाव लिहायचं आणि शेजारचा गोल भरायचा. त्यांच्या समर्थकांनी प्रचारात लोकांना हेच तर शिकवलं.

"कधी घडलं नाही" म्हणे! 1964 मध्ये याच राज्यात रिपब्लिकन प्रायमरी हेन्री कॅबट लॉज यांनी अशीच जिंकली. तेव्हा ते राजदूत म्हणून दक्षिण व्हिएतनामच्या सायगावला होते, प्रचाराला फिरकलेही नाहीत. 1968 मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांचंही नाव छापलेलं नव्हतं, तेही लोकांनी हातानेच लिहिलं.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. मामांनी अंगठ्याचा इमोजी टाकला. मेसेज अजून तिथेच आहे.