पोराचं पुस्तक पोरालाच निवडू द्या

आपल्या सीमाभागात मराठी पुस्तकावर एक जास्तीचं ओझं असतं. इथं भाषा टिकवायचं कामही त्याच्याच गळ्यात पडतं. ते काम मीही मनापासून मानते, पण आठ-नऊ वर्षांच्या पोराच्या डोक्यावर ते ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे.

कडोली, येळ्ळूर, उचगाव... आपल्याकडे गावोगाव साहित्य संमेलनं भरतात. तिथल्या पुस्तकांच्या स्टॉलपाशी जरा वेळ थांबून बघा. पोरगं आधी हात घालतं ते भुताच्या गोष्टींना, कोड्यांना, नाहीतर डायनासोरला. तेवढ्यात मागून कुणीतरी मोठं माणूस ते काढून घेतं आणि बोधकथा पुढं करतं. "हे घे, ह्यातनं काय तर शिकशील." पोरगं गप्प बसतं. पुस्तक घरी येतं आणि कपाटात तसंच कोरं राहतं. चरित्रं, बोधकथा वाईट आहेत असं मुळीच नाही. पण गोडी लागलेलं पोरगं तिथवर आपल्या पायानं जातं, ढकलून नाही.

माझी भाची तिसरीत आहे. मांजराच्या गोष्टीचं एक पातळ पुस्तक ती सारखं वाचते. वहिनी वैतागली, "तेच तेच काय वाचायलीस गं?" तर म्हणाली, "पुढं काय होतंय म्हाईत हाय, म्हणून तर वाचायलो." मी शेजारी बसून ऐकलं. सुरुवातीला 'दुष्ट' या शब्दाशी बोट ठेवून अडखळायची. आता त्याच शब्दावर आवाज चढवून, डोळे मोठे करून वाचते. जोडाक्षरं अशीच सुटतात. आणि आपण म्हणतो, वेळ वाया घालवते!

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी 1931 साली पाच सूत्रं मांडली. त्यातलं एक, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. लहान मूलही वाचकच की ओ!

आणि पोरानं कन्नड चित्रकथा उचलली तर उचलू दे. वाचनाची सवय एका भाषेत लागली की दुसरीतही उपयोगी पडते. 'स्टोरीवीव्हर' या गोष्टींच्या वेबसाइटवर एकच गोष्ट मराठीत आणि कन्नडमध्येही फुकट वाचता येते. 1971 पासूनच्या 'किशोर'चे जुने अंकही बालभारतीनं ऑनलाइन ठेवलेत. कर्नाटक सरकारच्या 'ओदुव बेळकु' या वाचन योजनेमुळे 2020 पासून ग्रामपंचायतीच्या ग्रंथालयात मुलांना मोफत सभासद होता येतं. बेळगावात तर 1848 पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे. पोराला घेऊन जा आणि कपाटापाशी मोकळं सोडा. पुस्तक अर्धं टाकलं तर टाकू दे. वाचून झाल्यावर "बोध काय मिळाला?" एवढं मात्र विचारू नका.

ज्यांची पोरं मोठी झालीत, त्यांनी घरात पडून असलेली गोष्टींची पुस्तकं गावच्या ग्रंथालयात विचारून नेऊन द्यावीत. मराठी, कन्नड, कुठलीही. भुताची असतील तर आधी द्या.