फोकस गेला, अजून एकदा उडवा!

आज पहाटे भिगवणला पक्षी बघायला गेले होते आणि डोकं फिरवून घेऊन परत आले. रात्रीचे साडेदहा वाजलेत, तरी उतरलेलं नाही. लांबलचक लिहिणार आहे, कंटाळा येईल त्यांनी सरळ पुढे सरकावं.

पावणेपाचला हडपसर सोडलं. उजाडता उजाडता कुंभारगावच्या काठाला. उजनी धरण भरलं की ११७ टीएमसी, त्याच्या बातम्या सगळे वाचतात. माझं काम सुरू होतं ते पाणी मागे सरकायला लागल्यावर. फेब्रुवारीच्या अखेरीस चिखल उघडा पडतो, त्यावर कोवळी हिरवी लव येते आणि पट्टकदंब, थंडीतले पाहुणे पक्षी, तिथे चरायला बसतात. राखाडी अंग, पांढरं डोकं, मागच्या बाजूला काजळाची दोन बोटं ओढल्यासारख्या दोन काळ्या पट्ट्या. आज साठेक होते. मान खाली घालून नुसते चरत होते, काही गवतातच बसलेले.

आमच्या नावाड्यानं लांबूनच इंजिन बंद केलं आणि बांबू टेकवत टेकवत होडी पुढे घेतली. मी त्याला काही सांगितलं नव्हतं. त्याला कळतं. आम्ही गप्प बसून होतो. एक कैकर (मासे मारणारा शिकारी पक्षी) पायात मासा धरून डोक्यावरून गेला, एवढीच काय ती हालचाल.

आणि मागून दुसरी होडी आली. पाच-सहा जण, हातभर लांब लेन्स, अंगावर मिलिटरीछाप जॅकेटं (पक्ष्यांनी ओळखू नये म्हणून, आणि आवाज मात्र लग्नाच्या मांडवात असल्यासारखे). त्यातला एक म्हणाला, "दादा, उडवा ना जरा." त्या होडीवाल्यानं इंजिन खेचलं आणि होडी थेट थव्यात घातली. साठच्या साठ कलकलाट करत उठले. शटर टरटरटर. थवा एक मोठी गिरकी मारून पलीकडच्या टोकाला टेकतो न टेकतो तोच दुसरा ओरडला, "माझा फोकस गेला, अजून एकदा!"

अजून एकदा. अहो, सर्कस आहे का ती?

मी आवाज चढवला. तर मला उत्तर काय मिळालं? "मॅडम, पक्षी आहेत. उडणारच."

दिवसभर हे वाक्य कानात घुमतंय. पक्षी आहेत, उडणारच. आणि त्याच्या मागोमाग आठवतोय आजीचा धपाटा.

आमचं गाव बार्शी तालुक्यातलं. रानात ज्वारी. हुरड्याच्या दिवसांत भोरड्यांचे ढग उतरायचे. पुस्तकात त्यांना पळसमैना म्हणतात, आमच्याकडे भोरड्या. आजी माळ्यावर उभी राहून दिवसभर गोफण फिरवायची आणि त्यांचे सात पिढ्यांचे उद्धार करायची. "मुडद्यांनो" हा त्यातला सगळ्यात सौम्य शब्द. म्हणजे माझी आजी काही पक्षीप्रेमी वगैरे नव्हती, हे आधीच सांगून ठेवते.

ज्वारी काढून झाली, कडब्याची गंजी रचली गेली. बांधावरचा पांगारा फुलला होता. एकही पान नाही, नुसता लाल. त्यावर शे-दोनशे भोरड्या. फुलात चोच खुपसून रस प्यायच्या आणि तोंडं परागांनी माखून बाहेर काढायच्या. मी नऊ वर्षांची. आतेभावांसमोर शायनिंग मारायची म्हणून आजीची गोफण उचलली आणि झाडात दगड भिरकावला. सगळं झाड एका क्षणात रिकामं. पोरं टाळ्या वाजवतायत आणि माझ्या पाठीत असा धपाटा बसला की श्वास अडकला.

"पिकातनं हाकल म्हनलं हुतं. झाडावरनं हाकलाय कुनी सांगितलं?"

मी म्हटलं, तू तर रोज हाकलतेस. तर म्हणाली, "ती आता वाटंला लागणार. खाऊ दे की."

बस, एवढंच. तिला स्थलांतर हा शब्द ठाऊक नव्हता. त्या कुठून येतात, कुठे जातात याचा पत्ता नव्हता. पण पांगारा फुलल्यावर काही दिवसांनी भोरड्या दिसेनाशा होतात, हे तिनं आयुष्यभर पाहिलं होतं. आणि लांब जाणाऱ्याला उपाशी काढू नये, हे कुणी शिकवावं लागत नाही. निदान तेव्हा लागत नसे.

आता आपल्याला सगळं माहीत आहे. पट्टकदंब तिबेट-मंगोलियाकडच्या उंचावरच्या तळ्यांकाठी अंडी घालतात. मध्ये हिमालय उभा आहे. पाठीवर ट्रान्समीटर लावलेल्या पट्टकदंबांची सात हजार मीटरच्या वर नोंद झाली आहे. जिथे माणूस चार पावलं चालून धापा टाकतो, तिथे हे पंख मारत जातात, आणि तेही इथल्या चिखलातल्या गवतावर साठवलेल्या चरबीची शिदोरी घेऊन. निघायला काही दिवस उरलेले असताना तुम्ही एका सकाळी त्यांना दोनदा, चारदा, दहादा उठवता. दुसरी होडी येते, तीही उठवते. कशासाठी? पंख पसरलेला फोटो हवा. तो आधीच हजार जणांनी टाकलेला आहे, त्याच कोनातून, त्याच उन्हात.

हो, उडणारच. पण कधी उडायचं ते त्यांना ठरवू दे ना!

बरं, आता कमेंटमध्ये येणारच आहे म्हणून आधीच सांगते. होडीवाल्याचं पोट या चार महिन्यांवर आहे, गिऱ्हाईकाला नाही म्हणणं सोपं नाही. मान्य. फोटोवाले आले म्हणून भिगवणचं नाव झालं. तेही मान्य, मन मारून.

आणि अजून एक मान्य करायचं राहिलंय. २०११ साली नवाकोरा कॅमेरा घेऊन मीही इथे आले होते. रोहित पक्ष्यांचा थवा होता आणि मीही म्हटलं होतं, "भाऊ, थोडं जवळ घ्या ना." त्यानं घेतलं. ते पाण्यावर पळत पळत उठले, गुलाबी पंख उघडले. तो फोटो फ्रेम करून आमच्या हॉलमध्ये लावला आहे. तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी घरी येऊन त्याचं कौतुक केलंय. तेव्हा आजी हयात नव्हती. असती तर दुसरा धपाटा ठरलेला होता.

हे लिहिताना सकाळइतका राग राहिला नाही, का कोण जाणे. त्या पोरांतला एकजण अगदीच कोवळा होता. मी ओरडल्यावर बाकीचे हसले, त्यानं मात्र कॅमेरा खाली ठेवला. फार तर विशीतला असेल.

परत येताना हायवेजवळच्या एका वेड्या बाभळीवर भोरड्या दिसल्या. गाडी बाजूला घेतली. येतात तेव्हा मळकट असतात, कुणी पिशवीत कोंबून आणल्यासारख्या. हिवाळाभर त्यांच्या पिसांची फिकी टोकं झिजत जातात आणि खालचा काळा-गुलाबी रंग उघडा पडतो. नवीन कपडे नाहीत, जुनेच झिजून उजळलेले. एक नर समोरच्या फांदीवर होता, डोक्यावर काळा तुरा, पाठ अगदी गुलाबी. तो कचकच करत ओरडत होता. माझ्याकडे कॅमेरा होता. काढला नाही. (मोठेपणा नाही हो, बॅटरी संपली होती.)

सकाळचं एक सांगायचं राहिलं. ती होडी गेल्यावर आम्ही तिथेच थांबलो. आमचा नावाडी काही बोलला नाही, बांबू चिखलात रोवून विडी ओढत बसला. पाऊण तासानं पट्टकदंब दोन-दोन, चार-चार करत परत यायला लागले. मी मोजले. उठले होते साठच्या आसपास, बसले एकेचाळीस.

"बाकीचे?" मी विचारलं.

"येतील दुपारच्याला," तो म्हणाला. मग थोडा थांबून, "नायतर गेले असतील."

काठावर येऊन आम्ही भाकरी आणि तळलेली चिलापी खाल्ली. मी निम्मी ताटातच टाकली. त्याचा नंबर घेतलाय. उद्या सकाळी फोन करून विचारणार आहे, किती दिसले.